मांडवामागची लाइन

"पार्सल आलंय. तुमच्या नावाचं."

दारात मुकुंद उभा होता. उद्या सकाळी मी याच्या गळ्यात हार घालणार होते. आत्ता मात्र मी दोन्ही हात कोपरापर्यंत मेंदीनं भरून, पंख पसरलेल्या कोंबडीसारखी गादीवर बसले होते. मेंदीवाली शेवटच्या बोटावर नक्षी काढत होती. माझी मावशी लगबगीनं उठली.

"अगंबाई! नवरदेव इकडं कसे?"

"बसच्या ड्रायव्हरनं हे दिलं," तो चाचरत म्हणाला. मग खोक्यावरचा मजकूर त्यानं वाचून दाखवला, "नाजूक. आपटू नये. हेमांगी खटावकर, नवरी मुलगी, हॉटेल शेवंती, कराड."

"आहेर दिसतोय," मावशी म्हणाली.

"आहेर नाही," मी म्हटलं, "ट्रंक कार्ड आहे."

मावशीनं कपाळाला हात लावला.

गोष्ट सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यातली. तेव्हा मोबाइल हा प्रकार बड्या लोकांच्या खिशात होता, आणि आमच्या दोन्ही घरांत कुणी बडं नव्हतं. मी पुण्यात, कॅम्पातल्या एका लहानशा फर्ममध्ये नोकरी करायची. ऑफिसांना, लॉजना, कारखान्यांना इंटरकॉमची मशिनं लागतात ना, भिंतीवर एक पेटी आणि तिच्यातून टेबलाटेबलावर फोन, ती आम्ही विकायचो आणि सांभाळायचो. माझं काम खुर्चीतलं. दिवसभर गिऱ्हाइकांचे फोन. "मॅडम, बंद पडलंय." मग मी विचारायची, दिवा कुठला लागलाय? आतल्या आत फोन लागतो का? उचलल्यावर आवाज येतो की सगळं मुकं? त्यावरून कुठला पार्ट गेलाय ते ताडायचं, तो मागवायचा, पाठवायचा, आणि बसवताना पलीकडच्या माणसाला धीर देत राहायचं. महाराष्ट्रभरच्या पेट्या मी अशा बसल्या जागेवरून दुरुस्त केल्या होत्या. स्वतःच्या हातानं मात्र एक स्क्रूही कधी फिरवला नव्हता.

मुकुंद रेळेकर इस्लामपूरचा. वडिलांबरोबर कापडाचं दुकान चालवायचा. बघायच्या कार्यक्रमात आणि नंतर साखरपुड्यात मिळून आम्ही जे बोललो, ते पोस्टकार्डावर मावलं असतं. पुणं आणि इस्लामपूर दोघांना सोयीचं म्हणून लग्न कराडला या हॉटेलात ठेवलं होतं. वर खोल्या, खाली हॉल, हॉलमध्ये मांडव.

सकाळी दोन्हीकडची मंडळी आली आणि चहाच्या वेळीच कळलं की हॉटेलचे फोन बंद आहेत. एरवी कुणी लक्ष दिलं नसतं. पण मुकुंदची बहीण सुलभा बेळगावला बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. दुसरं बाळंतपण, म्हणून सासरीच. पहाटे कळा सुरू झाल्या होत्या, आणि जावईबापूंना दिलेला नंबर या हॉटेलचा होता. मुकुंदची आई, तिला सगळे आक्का म्हणत, सकाळपासून घासही गिळत नव्हती. समोरच्या एसटीडी बूथवरून बेळगावच्या घरी फोन लावून झाले. घरी कुणीच उचलत नव्हतं. दवाखान्याचा नंबर कुणाकडे नव्हता.

मला गप्प बसवेना. मावशीचा डोळा चुकवून मी खाली काउंटरवर गेले. तिथं शिर्के नावाचे मॅनेजर होते. सतत कान कोरायची सवय असलेले.

"आतल्या आत चालू आहेत ना फोन?"

"झकास चालतात. बाहेरचं काय लागत नाही. आणि बाहेरून कुणी केला तर एंगेज लागतोय म्हणं."

"दोन्ही लाइनी एकदम गेल्या?"

"एकदम."

"मशीन काढून थेट लाइनला साधा फोन लावून बघितलात?"

"बघितला की."

"मग?"

"आवाज येतोय की. तरी टेलिफोन खात्यात कळवलंय. सोमवारी येतो म्हणालेत."

सोमवारपर्यंत सुलभाचं बाळ पाळण्यात झोके घेत असतं. मी पेटीवरचं नाव वाचलं. आम्ही विकायचो त्याच कंपनीची, दोन लाइनी आणि सोळा फोन, जुनं मॉडेल. बाहेरच्या दोन्ही लाइनी पेटीतल्या एकाच कार्डावर येतात, तेच ट्रंक कार्ड. थेट लाइनला आवाज आहे आणि तरी दोन्ही एकदम गेल्या, म्हणजे कार्ड गेलं. मी तशीच बूथवर गेले आणि ऑफिसला फोन लावला.

"फर्नांडिस सर, हेमांगी बोलतेय. कराडहून."

"लग्न मोडलं?"

"नाही सर, ट्रंक कार्ड गेलंय."

माझे साहेब बराच वेळ हसत राहिले. मग म्हणाले, "लग्नाच्या आदल्या दिवशी पार्ट मागवणारी नवरी मी पहिल्यांदाच बघतोय. पाठवतो. स्वारगेटला कुणाच्या तरी हातात देतो. हा तुझा आमच्याकडचा शेवटचा पार्ट समज."

मीही हसले. मला वाटलं, लग्नाआधीचा शेवटचा, असं म्हणायचं असेल त्यांना.

तर ते पार्सल आता दारात उभं होतं आणि माझ्या हातांना चार तास पाणीसुद्धा लावायचं नव्हतं.

"शिर्क्यांना द्या ना," मावशी म्हणाली.

"ते म्हणतात, वायरमन सोमवारी येतो," मुकुंद म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आक्का सारखी विचारतेय. मघाशी तिला घेरी आली."

मी उठले. "तुम्हाला स्क्रू फिरवता येतो?"

"कापडाचं दुकान आहे आमचं. कात्री चालवता येते."

"पुरे आहे. चला."

"अगं मेंदी!" मेंदीवाली आणि मावशी एका सुरात ओरडल्या. मी हात तसेच अधांतरी धरून जिना उतरले. मागून मावशी, माझा पदर धरून, जणू मी पळून चालले होते.

शिर्के काउंटरमागून बाजूला झाले. मी पेटीसमोर उभी राहिले आणि एकाएकी मला धीर आला. कारण हे तर माझं रोजचंच होतं. हात दुसऱ्याचे, बोलणं माझं.

"आधी बटण बंद करा. खालचं, काळं. दिवा गेला? आता तो खिडकीचा लोखंडी गज धरा."

"कशाला?"

"अंगात वीज साठलेली असते, ती जाऊ दे. नाहीतर नवं कार्ड जळेल."

त्यानं निमूटपणे गज धरला. मावशी पुटपुटली, "काय बाई तरी एकेक."

"आता चारी स्क्रू काढा. सांडू नका. वरून तिसरं कार्ड. कडेनं धरा, मधे बोट लावायचं नाही. सरळ ओढा, हलवत हलवत. जोर नको."

एवढं सांगूनही माणसं कार्ड उपटतात. फोनवर पलीकडून 'कट्' असा आवाज यायचा आणि मला कळायचं, कार्ड मोडलं. मुकुंदनं मात्र ते असं काढलं की जणू रेशमी थानातून टाचणी काढतोय. नवं बसवलं, बटण लावलं. दिवे लागले. शिर्क्यांनी रिसीव्हर उचलून बाहेरच्या लाइनीसाठी शून्य दाबलं आणि मान हलवली.

"मुकाच."

दोन्ही कार्डं खराब निघणं शक्य नव्हतं. म्हणजे माझंच काहीतरी चुकलं होतं. आणि हे चुकणं फोनवरच्या अनोळखी गिऱ्हाइकासमोर नव्हतं, होणाऱ्या नवऱ्यासमोर होतं. वरच्या कठड्यावरून आक्का वाकून बघत होत्या. "लागला का गं?" त्यांनी विचारलं, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

"शिर्के," मी म्हटलं, "सकाळी तुम्ही थेट लाइनला फोन लावून बघितला म्हणालात. कुठला फोन लावला होता?"

"हाच की. काउंटरवरचा."

"तो तर मशीनचाच आहे, त्यात मशीनचाच आवाज येणार. मशीन काढून, साधा फोन, थेट वायरीला?"

शिर्क्यांनी कानातली काडी बाहेर काढली. "ते तसं असतंय व्हय?"

मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली, पण हाताला मेंदी होती. चार वर्षं रोज मी हा प्रश्न तीन-तीनदा विचारायची, कारण पहिल्या 'हो'ला काही अर्थ नसतो हे मला पाठ होतं. आणि आज घाईत मी पहिल्याच 'हो'वर कार्ड मागवून बसले होते.

"कार्ड जुनंच ठीक होतं," मी मुकुंदला म्हटलं. "बिघाड बाहेर आहे. वायरीत. माझी चूक झाली."

मला वाटलं होतं, तो तोंड वाकडं करेल. तो म्हणाला, "मग वायर कुठून कुठं जाते ते बघू."

वायर पेटीतून निघून भिंतीच्या कडेकडेनं हॉलमध्ये शिरत होती. आम्ही तिच्यामागून निघालो. पुढं मुकुंद, मागं मी, माझ्या मागं मावशी. हॉलच्या टोकाला स्टेज होतं आणि स्टेजमागच्या भिंतीवर मांडववाल्यानं लाल-पिवळा पडदा ठोकला होता. मुकुंदनं पडदा वर उचलला. केबल छताखालून आडवी गेली होती, आणि पडदा ताणून धरायला ठोकलेला एक लांबलचक खिळा बरोब्बर तिच्या पोटातून आरपार गेला होता.

"काल रात्री ठोकला असणार," मुकुंद म्हणाला. "दोन्ही लाइनी एकाच केबलमध्ये?"

"एकाच. खिळ्यानं सगळ्या तारा एकमेकींना जोडल्या. म्हणून बाहेरच्याला वाटतंय, आमचा फोन कुणीतरी उचलूनच ठेवलाय."

मावशीला आम्ही पक्कड आणि चिकटपट्टी आणायला पाठवलं. ती गेली खरी, पण दर चार पावलांवर मागं वळून बघत होती. पडद्यामागं अर्धवट अंधार होता आणि झेंडूचा दर्प. आम्ही पहिल्यांदाच एकटे होतो, आणि दोघंही त्या खिळ्याकडे बघत होतो.

पक्कड आली. खिळा निघाला. मुकुंदनं खिशातून छोटी कात्री काढली. दुकानातली, ती त्याच्याकडे कायम असायची. मी रंग सांगत गेले, तो तारा सोडवत गेला. जिथं तार तुटली होती तिथं पीळ घालून जोडली, प्रत्येकीला पट्टी गुंडाळली. एका तारेनं त्याला बारीकसा झटका दिला तेव्हा तो "आयला" म्हणाला आणि लगेच जीभ चावून त्यानं मावशीकडे बघितलं. मावशीला पहिल्यांदाच हसू आलं.

"आता साधा फोन," मी म्हटलं. "वायर सोलून या दोन तारांना लावू, म्हणजे लाइन आली का कळेल. या वेळी मी कुणाच्याही 'हो'वर विसंबणार नाही."

मावशी शिर्क्यांकडून एक जुना फोन घेऊन आली आणि पुन्हा वर गेली, आक्कांना सांगायला की आता होतंच आहे. मुकुंदनं तारा टेकवल्या आणि रिसीव्हर माझ्या कानाशी धरला. मी आवाजाची वाट बघत होते, तो सलग घोंघावणारा आवाज. त्याऐवजी माणसं बोलताना ऐकू आली. मी मानेनं खूण केली तसा त्यानंही पलीकडून कान लावला. एका रिसीव्हरला दोन डोकी.

"...अहो सकाळपासून लावतोय, नुसता एंगेज!" हे बेळगावचे जावईबापू. "मुलगी झाली. दोघी छान आहेत. आत्ताच घरी आलोय डबा न्यायला."

"वा वा वा!" हा आवाज अण्णांचा, मुकुंदच्या वडिलांचा. ते वरच्या खोलीतून सारखे शून्य दाबून बघत होते, आणि तार जुळल्या जुळल्या त्यांनाच लाइन मिळाली होती.

मुकुंद माझ्याकडे बघून इतका मोकळा हसला की मला तो त्या क्षणी फार आवडला. रिसीव्हर काढून घ्यायला हवा होता. पण आम्ही दोघंही आनंदात तसेच उभे राहिलो, आणि पलीकडं बोलणं पुढं सरकलं.

"लग्नाची तयारी कशी काय? वहिनींची नोकरी पुण्यात, त्याचं काय ठरलं?"

"ते मिटलं की. खटावकरांनी सुपारीतच शब्द दिलाय, लग्न झालं की पोरगी घरात. परवा तिच्या हाफिसात जाऊन सांगून पण आले ते."

"वहिनी तयार झाल्या?"

"तिला कशाला आत्ता सांगायचं? अक्षता पडू देत. मुकुंदला पण बोललो नाही मी. त्याच्या पोटात काही राहत नाही."

शेवटचा पार्ट. फर्नांडिस सर थट्टा करत नव्हते.

मला राग आला तो अण्णांचा नाही. अण्णा परके होते, त्यांना हवं ते त्यांनी मागितलं. पण बाबा? आई गेल्यावर आम्हा तिघी बहिणींच्या वेण्या घालायला शिकलेले माझे बाबा. पहिल्या पगाराच्या दिवशी माझ्या ऑफिसखाली पेढे घेऊन उभे राहिलेले. ते ऑफिसात जाऊन माझ्या नोकरीवर पाणी सोडून आले होते आणि घरी येऊन माझ्याबरोबर जेवले होते.

मी मुकुंदकडे बघितलं. त्याचं हसू विझलं होतं. त्याच्या एका हातात रिसीव्हर, दुसऱ्यात तारा. त्यानं तारा सोडल्या असत्या तर सगळं तिथंच मिटलं असतं. आम्ही काही ऐकलंच नव्हतं, असं दोघांनाही आयुष्यभर म्हणता आलं असतं.

त्यानं रिसीव्हर तोंडाजवळ नेला.

"अण्णा."

पलीकडून, "कोण?"

"मुकुंद."

"कुठनं बोलतोयस?"

"खालनं. स्टेजच्या मागनं. तुमच्याच लाइनवर आहे." त्यानं माझ्याकडे बघितलं. "हेमांगीपण आहे."

बेळगावहून जावईबापूंचा बारीक आवाज आला, "नमस्कार वहिनी."

"नमस्कार," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"वर या दोघं," अण्णा म्हणाले.

वरच्या खोलीत सगळेच जमले होते. बाबा खिडकीपाशी उभे होते. मला बघताच त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला, म्हणजे त्यांना कळलं होतं. अण्णा पलंगावर, फोनशेजारी, गुडघ्यावर हात ठेवून बसलेले. कुणी तोंड उघडणार एवढ्यात आक्का साखरेची वाटी घेऊन मधे आल्या. डोळ्यांतून पाणी, तोंडभर हसू.

"नात झाली मला! आ कर. तुझे हात भरलेत." त्यांनी माझ्या तोंडात चिमूटभर साखर घातली, मुकुंदच्या घातली, बाबांच्या हातावर ठेवली, अण्णांच्या ठेवली. मग कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून म्हणाल्या, "हां. आता भांडा."

"भांडायचं काय त्यात," अण्णा म्हणाले. "पुण्यात नोकरी, इस्लामपुरात संसार, असं जमतंय व्हय? सांगा की तुम्हीच, खटावकर."

बाबा चष्मा पुसत राहिले. "हेमा, तुझ्या पाठच्या दोघी आहेत अजून. चांगलं घर हातचं जाईल म्हणून मी... तुला नंतर समजावलं असतं."

"मला आधी विचारलं असतंत तर मी स्वतःच सोडली असती कदाचित," मी म्हटलं.

"मग बिघडलं कुठं?" अण्णा म्हणाले. "शेवट तोच की."

"विचारलं नाहीत, तिथं बिघडलं."

मला रडायचं नव्हतं, आणि डोळे पुसायला हात नव्हते. मुकुंद काहीतरी बोलायला पुढं झाला तोच फोन वाजला. अण्णांनी झडप घालून उचलला.

"बोला जावईबापू!"

पलीकडचा आवाज इतका खणखणीत होता की खोलीभर ऐकू आला. "कसले जावईबापू? कार्ड लागलं का? सकाळपासून एंगेज! मॅनेजर कुठंय?"

"मी मॅनेजर नाही. मुलाचा बाप आहे."

"कुठल्या मुलाचा?"

"नवऱ्या मुलाचा!"

"मग नवरीला द्या. अर्जंट आहे."

अण्णांनी रिसीव्हर माझ्यापुढं धरला. मग माझे हात बघितले. क्षणभर त्यांना काय करावं कळेना. शेवटी ते उठून उभे राहिले आणि त्यांनी तो माझ्या कानाशी धरला.

"हेमांगी, सॉरी," फर्नांडिस सर म्हणाले. "एक हॉस्पिटल दुसऱ्या फोनवर आहे. ऑपरेशन थिएटरमधून सर्जनच्या खोलीत फोन केला की तो स्वयंपाकघरात वाजतो. पेशंट टेबलावर आहे आणि भूलवाले डॉक्टर आचाऱ्याशी बोलतायत. मेकॅनिक रजेवर. मी काय सांगू?"

मी डोळे मिटले. पेटी डोळ्यांसमोर आली. "त्यांनी आज कुठलं टेबल हलवलं का, विचारा."

विचारलं. स्वयंपाकघराला सकाळी रंग दिला होता. फोनची जोडणी काढून परत लावली होती.

"मग दोन पिना अदलाबदल झाल्यात. त्यांच्या माणसाला पेटीपाशी उभं करा. डावीकडून मोजायला सांगा. मोठ्यानं मोजू दे, मला ऐकू द्या."

बराच वेळ लागला. फर्नांडिस सर एका कानाला एक आणि दुसऱ्याला दुसरा फोन धरून माझं त्यांना, त्यांचं मला सांगत होते. तिकडचा माणूस घाबरला होता, मी त्याला थांबवून थांबवून बोलत होते. अण्णांचा हात अवघडला तसा त्यांनी तो बदलला. मावशी काहीतरी कुजबुजायला गेली तेव्हा त्यांनीच तिला डोळ्यांनी गप्प केलं.

"वाजला!" सर ओरडले. "सर्जनकडे वाजला. लग्नाला शुभेच्छा. आणि ते कार्ड परत पाठव."

अण्णांनी रिसीव्हर जपून खाली ठेवला.

"तिकडं माणूस टेबलावर होता?"

"हो."

"आणि तू न बघता सांगितलंस?"

"रोज न बघताच सांगते. आज सकाळी चुकलं होतं, ते बघूनसुद्धा."

अण्णा मनगट चोळत दारापर्यंत गेले, थांबले. वळून आम्हा दोघांना म्हणाले, "साडेदहाचा मुहूर्त आहे. त्याच्या आत काय ठरवायचं ते तुम्ही ठरवा. मला लाइनवर घेऊ नका."

हळूहळू खोली रिकामी झाली. बाबा शेवटी निघाले. माझ्या डोक्यावर हात ठेवायला आले, पण ठेवला नाही. मावशी दाराबाहेर स्टूल घेऊन बसली, आमच्याकडे पाठ करून. तिच्या मानानं हे फारच झालं.

मुकुंद खिडकीत टेकला. "मी पुण्याला येणार नाही. दुकान सोडलं तर मी कुणी नाही. हे खरं आहे."

"माहीत आहे मला."

"पण तू सोड, असं मला म्हणवत नाही." तो पहिल्यांदा 'तू' म्हणाला आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही. "दुपारपासून तू मला सांगतेयस, हे धर, ते सोड, जोर नको. इतकं नीट मला कुणी कधी काही सांगितलं नव्हतं. अण्णा नुसते ओरडतात."

मला हसू फुटलं. मग मी माझं म्हणणं मांडलं. माझं काम फोनवरचं. दुकानात माझी वेगळी लाइन आली, तर मी सातारा, सांगली, कोल्हापूरची गिऱ्हाइकं इस्लामपुरातून बघेन. सर तयार होतील, मी करीन त्यांना तयार. लाइन येईपर्यंत मात्र मी पुण्यात राहणार, आणि सुट्टीला येणार.

तो विचार करत राहिला. फार वेळ. लगेच 'हो' म्हणाला असता तर मला भीती वाटली असती.

"दोन दिवस बाजाराचे असतात," तो म्हणाला. "तेव्हा तू दुकानात हवीस. नवी सून बघायलाच गिऱ्हाईक येईल पहिले सहा महिने."

"एक दिवस."

"दीड. आदल्या संध्याकाळी यायचं."

"तुम्ही कापड पण असंच विकता?"

"कापडात एवढं सोडत नाही मी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला आमचं लग्न लागलं. बेळगावचा फोन भर मंगलाष्टकांत आला आणि शिर्के धावत निरोप घेऊन आले की बारशाचा दिवस ठरला.

पुढं सगळं सरळ झालं असं नाही. फर्नांडिस सर तयार व्हायला आठवडे गेले. नवी लाइन मिळायला वर्षाच्या वर गेलं, तेव्हा तशीच पद्धत होती. तोवर मी एसटीनं इतक्या खेपा केल्या की कंडक्टर मला माहेरवाशीण म्हणायचे, जाताना पण आणि येताना पण. नात्यात लोक बोलले. अण्णांनी माझ्या कामाला कधी चांगलं म्हटलं नाही, पण कुणी दुकानात येऊन "सून पुण्यात का?" असं विचारलं तर ते थान उलगडता उलगडता म्हणायचे, "दवाखान्याची कामं असतात तिच्याकडं." आणि बाबांशी मी बरेच महिने कामापुरतंच बोलले. ते पुण्याच्या घरी माझ्यासमोर ताट वाढायचे, मी जेवायची, उठायची.

लाइन आली त्या आठवड्यात ते इस्लामपूरला आले. दुकानात मागच्या बाजूला मुकुंदनं मला एक टेबल करून दिलं होतं, वर नवा कोरा फोन. बाबा शेजारच्या स्टुलावर बसले. मी त्यांच्यासाठी चहा ओतत होते आणि फोन वाजला. त्यांचा हात सवयीनं पुढं गेला, रिसीव्हरवर टेकला. मग त्यांनी तो मागं घेतला आणि मांडीवर ठेवला.

"तुझा आहे," ते म्हणाले. "तूच घे."

मी किटली खाली ठेवली आणि फोन घेतला.